साष्टीतील ख्रिस्ती काष्ठमूर्ती : घडण, कालनिर्णय व जतन

१. विषयप्रवेश

वसईच्या मोहिमेत मराठ्यांच्या हाती आलेल्या चर्चमधील घंटा पुढे देशावरील देवळांत टांगल्या गेल्या, ही गोष्ट महाराष्ट्रातील इतिहासप्रेमी वाचकांस परिचित आहे. नाशिकच्या नारोशंकर मंदिरावरील घंटेवर १७२१ हे साल आहे; वाईजवळच्या मेणवली येथील घंटेवर १७०७ हे साल आहे. धातूच्या घंटेला आपले वय स्वतःच सांगता येते. त्यामुळे ह्या घंटांची नोंद झाली, त्यांची वर्णने प्रसिद्ध झाली, आणि आज शाळकरी मुलेही सहलीस गेली असता त्यांवरील आकडे वाचतात.

ज्या चर्चमधून अशा घंटा निघाल्या त्यांतच लाकडाच्या कोरीव मूर्तीही होत्या. त्यांपैकी कित्येक नष्ट झाल्या, कित्येक स्थलांतरित झाल्या, आणि काही आजही वांद्रे, अंधेरी, बोरिवली ह्या भागांतील चर्चमध्ये, गावठाणांतील जुन्या घरांत आणि संग्रहालयांत आहेत. परंतु लाकडावर सहसा साल कोरलेले नसते. कारागिराचे नाव तर जवळजवळ कधीच नसते. यामुळे ह्या मूर्तींविषयी श्रद्धेने पुष्कळ सांगितले गेले असले, तरी त्यांचा पदार्थ म्हणून, म्हणजे लाकूड, लेप, रंग व सांधे ह्या दृष्टीने फारसा विचार झालेला नाही. ह्या मूर्ती कशा घडविल्या जात, त्यांचा काळ कोणत्या पुराव्यांवरून ठरविता येतो आणि तो पुरावा कोणत्या कारणांनी नाहीसा होतो, एवढ्याच प्रश्नांची चर्चा प्रस्तुत लेखात करावयाची आहे.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

मुंबईची आजची उपनगरे ज्या भूभागावर वसली आहेत, तो भाग म्हणजे जुने साष्टी बेट. हे नाव ‘षट्षष्टी’ म्हणजे सहासष्ट गावे यावरून आले, अशी व्युत्पत्ती दिली जाते. येथे एक सावधगिरीची सूचना देणे अवश्य आहे. गोव्यातही साष्टी नावाचा प्रदेश आहे, आणि पोर्तुगीज कागदपत्रांत दोहोंचा उल्लेख जवळजवळ एकाच नावाने येतो. एखाद्या चर्चचा अथवा मूर्तीचा उल्लेख कोणत्या साष्टीतील आहे, हे संदर्भावरून निश्चित केल्याखेरीज त्याचा उपयोग करू नये.

गुजरातच्या बहादुरशाहाने डिसेंबर १५३४ मध्ये केलेल्या तहान्वये वसई व तिच्या ताब्यातील साष्टी, मुंबई इत्यादी बेटे पोर्तुगिजांकडे गेली. लष्करी व मुलकी अंमलापाठोपाठ धर्मप्रसारक संघ आले. फ्रान्सिस्कन संघाने बोरिवलीजवळ मंडपेश्वर येथे प्राचीन शैव लेण्यालाच प्रार्थनामंदिराचे रूप दिले व लेण्याच्या माथ्यावर मठाची इमारत उभारली. तिचे भग्नावशेष आजही उभे आहेत. मढजवळ एरंगळच्या समुद्रकिनाऱ्यावरील संत बोनाव्हेंचरचे चर्च ह्याच संघाचे असून त्याची स्थापना १५७५ ची मानली जाते. वांद्रे व अंधेरी ह्या भागांत जेझुइट संघाचे कार्य विशेष होते. अंधेरी-मरोळच्या परिसरातील बाप्तिस्मा करणाऱ्या संत योहानाचे चर्च ह्या संघाने १५७९ मध्ये बांधले.

हा अंमल सुमारे दोनशे वर्षे टिकला. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे व साष्टी घेतली. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांपुढे वसईचा किल्ला शरण आला. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी साष्टी जिंकली व १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली. म्हणजे साष्टीतील ख्रिस्ती वस्तीने अडीचशे वर्षांच्या आत तीन सत्तांतरे पाहिली. मूर्तींच्या इतिहासात ह्या घटनांचे महत्त्व असे की, प्रत्येक सत्तांतरात इमारती पडल्या किंवा ओस झाल्या, मात्र मूर्ती उचलून नेता येत होत्या. म्हणून एखादी मूर्ती आज ज्या चर्चमध्ये आहे ते चर्च ज्या वर्षी बांधले गेले, ते वर्ष म्हणजे मूर्तीचे वर्ष नव्हे. ही साधी गोष्ट वारंवार विसरली जाते.

३. मूर्तींचे प्रकार व घडण

सामान्यतः तीन प्रकारच्या मूर्ती आढळतात. पहिला प्रकार वेदीवरील पूर्णाकृती मूर्तींचा. ह्या समोरून पाहावयाच्या असल्यामुळे त्यांची पाठ बहुधा सपाट अथवा पोकळ असते. दुसरा प्रकार मिरवणुकीच्या मूर्तींचा. ह्यांत कित्येकदा केवळ मस्तक, हात व पाय कोरलेले असतात. मधले शरीर म्हणजे लाकडी पट्ट्यांचा सांगाडा असून त्यावर खरी वस्त्रे चढवितात. उत्तम शुक्रवारच्या विधीकरिता घडविलेल्या ख्रिस्तमूर्तीत खांद्याशी सांधे ठेवून हात खाली मिटविता येतील अशी योजना असते. क्रूसावरून मूर्ती उतरवून तिला निजविता यावे हा त्यातील हेतू. तिसरा प्रकार घरगुती देव्हाऱ्यातील लहान मूर्तींचा. ह्यांत शरीर लाकडाचे व मुख आणि हात हस्तिदंताचे असेही नमुने मिळतात.

लाकूड मुख्यतः सागाचे. साग कोकणच्या व गोव्याच्या मागील डोंगराळ मुलखात मुबलक होता. वसई हे गलबते बांधण्याचे केंद्र असल्यामुळे चांगला साग व त्यावर हात बसलेले सुतार ही दोन्ही साधने तेथे एकत्र होती. सागाच्या गाभ्यातील तेलकट द्रव्यामुळे वाळवी त्याला सहजी लागत नाही. बाहेरच्या कोवळ्या लाकडाला मात्र हे संरक्षण नसते. म्हणूनच जुन्या मूर्तीत वस्त्राच्या कडा, बोटे, पायथा हे भाग पोखरलेले आणि धड शाबूत, असे दृश्य अनेकदा दिसते.

मोठी मूर्ती एकाच ओंडक्यातून क्वचितच काढीत. धड एका ठोकळ्याचे, पुढे आलेले हात व कधीकधी मुखाचा भाग वेगळा, आणि हे तुकडे कुसू व खाच यांनी जोडून सांध्यात सरस भरीत. पाठीमागून ओंडका पोखरून घेण्याचे कारण केवळ वजन कमी करणे हे नव्हते. लाकूड वाळताना बाहेरून आत आक्रसते, आणि गाभा जागच्या जागी राहिल्यास उभी भेग पडते. गाभा काढून टाकला की हा ताण उरत नाही. चार महिने ओलाव्याने फुगणाऱ्या व आठ महिने वाळणाऱ्या कोकणच्या हवेत ही काळजी विशेष आवश्यक होती.

कोरीवकाम संपले म्हणजे मूर्ती अर्धीच झाली असे समजावे. पुढचे काम लेपाचे. खडूसारखी पांढरी माती सरसात कालवून तिचे अनेक पातळ हात देत, प्रत्येक हात वाळल्यावर घासून गुळगुळीत करीत. जेथे सोने यावयाचे तेथे तांबड्या चिकणमातीचा मऊ थर देऊन त्यावर सोन्याचा वर्ख बसवीत आणि तो घोटून चकचकीत करीत. वस्त्रांकरिता आणखी एक कौशल्य वापरीत. सोन्यावर रंगाचा थर देऊन तो ओला असतानाच अणकुचीदार काडीने नक्षी खरवडीत, म्हणजे रंगाखालचे सोने रेषांतून उमटे व जरीकाठी वस्त्राचा भास होई. मुख व हात यांवरील देहवर्ण तेलमिश्रित रंगाने देत. डोक्यावर चांदीचे प्रभावलय किंवा मुकुट बसविण्यासाठी भोक ठेवलेले असते. वलय हरवले असले तरी हे भोक शिल्लक राहते, आणि मूर्ती एके काळी कोणत्या दर्जाने पूजिली जात होती याची ती एक खूण ठरते.

स्पेनमधील सेव्हिलसारख्या नगरांत कोरणारा व रंगविणारा यांचे संघ वेगवेगळे होते. एकाच मूर्तीत दोन स्वतंत्र हात असत. आपल्याकडील मूर्तींचा अभ्यास करतानाही कोरीवकामाची शैली व रंगकामाची शैली वेगवेगळी तपासली पाहिजे. एक गोव्यातील व दुसरी स्थानिक, किंवा एक सतराव्या शतकातील व दुसरी एकोणिसाव्या शतकातील, असे होणे सहज शक्य आहे.

४. कारागीर कोण?

ह्या मूर्ती तीन मार्गांनी येणे संभवते : प्रत्यक्ष पोर्तुगालहून, गोव्यातील कारखान्यांतून, किंवा वसई-ठाण्याकडील स्थानिक सुतारांकडून. यांपैकी दुसऱ्या व तिसऱ्या मार्गाविषयी एक अप्रत्यक्ष परंतु बळकट पुरावा आहे. १५६७ मध्ये गोव्यात भरलेल्या पहिल्या प्रांतिक धर्मसभेने, ख्रिस्तेतर कारागिरांकडून ख्रिस्ती प्रतिमा करवून घेण्यास मनाई केली. जी गोष्ट घडतच नाही तिला बंदी घालण्याचे कारण पडत नाही. अर्थात, आदल्या पंचवीस-तीस वर्षांत हिंदू सुतार व चितारी यांच्याकडून अशी कामे मोठ्या प्रमाणावर होत असली पाहिजेत. चारच वर्षांपूर्वी, १५६३ मध्ये, युरोपात ट्रेंटच्या धर्मसभेने प्रतिमांच्या शुद्धतेविषयी ठराव केला होता. गोव्यातील मनाई त्याच विचारप्रवाहातील होय.

मनाईनंतरही स्थानिक हात थांबला नाही, हे मूर्तींवरूनच दिसते. शरीराची ताठ, समोरासमोरची बैठक. वस्त्रांच्या चुण्या वाऱ्याने उडत्या न दाखविता समांतर रेषांनी दाखविण्याची पद्धत. केसांच्या बटा नियमित नक्षीप्रमाणे मांडणे. मरियेच्या पायांखालील ढगांना कमळाच्या पाकळ्यांचे वळण येणे, ही लक्षणे भारतीय-पोर्तुगीज म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मूर्तींत वारंवार दिसतात. तथापि येथे अतिउत्साह टाळला पाहिजे. कमळासारखे दिसणारे प्रत्येक पीठ म्हणजे हिंदू मूर्तिकाराची सही नव्हे. युरोपातील मूळ प्रतिमा बहुधा छापील चित्राच्या रूपाने कारागिराच्या हाती येई; सपाट चित्रावरून गोलाकार मूर्ती घडविताना चुण्यांचे सरलीकरण कोणत्याही देशात होते. फिलिपाइन्समध्ये चिनी कारागिरांनी घडविलेल्या ख्रिस्ती हस्तिदंती मूर्तींच्या मुखांवर चिनी छटा आली, तीही अशाच प्रक्रियेतून.

५. कालनिर्णयाची साधने

पहिले साधन मूर्तीचा विषय. संत फ्रान्सिस झेवियर व संत इग्नेशियस यांस १६२२ मध्ये संतपद मिळाले. म्हणून संत ह्या नात्याने प्रभावलयासह वेदीवर बसविण्यासाठी केलेली त्यांची मूर्ती साधारणतः त्यानंतरची मानावी. चंद्रकोरीवर उभी असलेली मरिया, बाणांनी विद्ध संत सेबॅस्टियन, बालयेशूला घेतलेला संत अंतोनी इत्यादी विषय मात्र दीर्घकाळ चालू असल्यामुळे त्यांवरून काळ ठरत नाही.

दुसरे साधन शैली. ते उपयुक्त असले तरी निसरडे आहे. गावचा सुतार आजोबांच्या काळची मूर्ती समोर ठेवून नवी घडवितो. तिची शैली शंभर वर्षांनी मागे असते.

तिसरे साधन लाकडाचे वय. किरणोत्सारी कार्बनच्या मापनाने ते काढता येईल, असे पुष्कळांस वाटते. येथे दोन अडचणी आहेत. ह्या मापनाने झाडाचे ते वलय केव्हा वाढले हे कळते, मूर्ती केव्हा कोरली हे नव्हे. जुन्या सागाच्या गाभ्यातील लाकूड मूर्तीपेक्षा शंभर-दीडशे वर्षांनी जुने असू शकते. शिवाय सुमारे १६५० नंतरच्या तीनशे वर्षांत हवेतील कार्बनच्या प्रमाणात झालेल्या चढउतारांमुळे एकाच मापनातून अनेक संभाव्य काळ निघतात. आपल्याला हवा असलेला काळ नेमका त्यातच पडतो.

चौथे साधन रंगद्रव्ये, आणि ते सर्वांत विश्वसनीय आहे. प्रशियन निळा हा कृत्रिम रंग अठराव्या शतकाच्या पहिल्या दशकात बर्लिनमध्ये सापडला. कृत्रिम अल्ट्रामरीन तयार करण्याची रीत १८२८ मध्ये प्रसिद्ध झाली. टायटॅनियमचे पांढरे रंगद्रव्य विसाव्या शतकातील आहे. मोहरीएवढा रंगाचा कण काढून त्याचा उभा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला असता, झाडाच्या वलयांप्रमाणे एकावर एक थर दिसतात. लाकडालगतच्या अगदी खालच्या थरात प्रशियन निळा मिळाला तर ते रंगकाम १७०० पूर्वीचे असू शकत नाही. तो केवळ वरच्या थरांत मिळाला तर त्याखालचे थर अधिक जुने, एवढे निश्चित म्हणता येते. क्ष-किरणांच्या छायाचित्राने आतील खिळे, सांधे व मागाहून जोडलेले तुकडे दिसतात.

ह्यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. मूर्तीचा दिनांक तिच्या रंगाच्या थरांत लिहिलेला असतो. जो मनुष्य सणापूर्वी भक्तिभावाने मूर्ती खरवडून नवा तैलरंग देतो, तो तिचा एकमेव दस्तऐवज फाडीत असतो, याची त्यास कल्पना नसते.

६. दोन उदाहरणे

वांद्र्याच्या टेकडीवरील ‘मोत माउली’ हे साष्टीतील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. ‘मोत’ हे ‘माउंट’ ह्या शब्दाचे स्थानिक रूप होय. ‘माउली’ हा शब्द तर वारकऱ्यांच्या मराठीतून वेगळा सांगावयास नको. परंपरेनुसार ही काष्ठमूर्ती सोळाव्या शतकात जेझुइटांनी आणली. १७०० मध्ये अरब चाच्यांनी टेकडीवर हल्ला केला, आणि मूर्तीच्या हातातील सोनेरी वस्तूच्या लोभाने तिचा उजवा हात तोडला. पुढे १७३८-३९ च्या युद्धकाळात टेकडीवरील प्रार्थनामंदिर नष्ट झाले. त्याच्या पुनर्बांधणीनंतर, १७६१ मध्ये, मूर्ती दुरुस्त करून परत बसविली. दुरुस्ती करताना तुटलेल्या हाताची जागा झाकेल अशा रीतीने बालयेशूची आकृती जोडण्यात आली. कोळ्याच्या स्वप्नात येऊन समुद्रात तरंगत सापडलेल्या मूर्तीची कथाही येथे सांगतात. ती मात्र जवळच्या संत आंद्रेच्या चर्चमधील नाविकांच्या मातेच्या मूर्तीची असल्याचे मानले जाते. दोन मूर्तींच्या कथा लोकस्मृतीत एकमेकींत मिसळल्या आहेत, हे लक्षात ठेवावे. सध्याची चर्चची इमारत १९०४ ची असून १९५४ मध्ये तिला बॅसिलिकेचा दर्जा मिळाला.

संशोधकाच्या दृष्टीने ह्या मूर्तीचा सर्वांत बोलका भाग कोणता? मूळचा भाग नव्हे, तर मागाहून जोडलेला. हल्ला, सत्तांतर व पुनःस्थापना ही तिन्ही त्या एका जोडात साठविली आहेत. एखाद्या शुद्धतावाद्याने मूर्ती ‘मूळ रूपात’ आणावयाचे ठरविले, तर त्याला बाळ काढून टाकावे लागेल. आणि मग हाती राहील ती हात तुटलेली एक मूर्ती व पुसलेली साठ वर्षे. जुनी दुरुस्ती हीदेखील इतिहासाचेच साधन असते, ती दोष म्हणून काढून टाकावयाची वस्तू नव्हे, हे तत्त्व ह्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

दुसरे उदाहरण अंधेरीचे. १५७९ चे संत योहानाचे चर्च १८४० मध्ये साथीच्या रोगामुळे ओस पडले. गावकऱ्यांनी मरोळ येथे नवे चर्च केले, आणि जुन्या चर्चमधील मूर्ती, लाकडी सामान, बाप्तिस्म्याची कुंडी व खांबसुद्धा तेथे नेले. जुन्या इमारतीचे छप्पर गेले, भिंतींत वड-पिंपळ रुजले. १९७० नंतरच्या दशकात भोवताली सीप्झची औद्योगिक वसाहत उभी राहिली, आणि आज ते भग्न मुखमंडप कारखान्यांच्या कुंपणाआड उभे आहे. येथे वास्तू एका जागी व मूर्ती दुसऱ्या जागी अशी फाटाफूट झालेली आहे. भग्नावशेष पाहणाऱ्यास आतील कोनाडे रिकामे दिसतात. मरोळला मूर्ती पाहणाऱ्यास त्या कोणत्या कोनाड्याच्या मापाने घडविल्या हे उमगत नाही. दोन्ही ठिकाणची मापे घेऊन ताडून पाहणे हे काम कोणाही पदव्युत्तर विद्यार्थ्यास करता येण्यासारखे आहे, आणि त्यातून कोणती मूर्ती कोठे उभी होती याचा काही अंदाज बांधता येईल.

७. ऱ्हासाची कारणे व जतन

वाळवी व ओलावा ही नैसर्गिक कारणे. परंतु गेल्या शतकात मनुष्याच्या हाताने झालेले फेरफार अधिक दूरगामी ठरले. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेनंतर उपासनेची मांडणी बदलली. वेदी पुढे आली, मागील कोरीव लाकडी पडद्यांचे महत्त्व कमी झाले, आणि मूर्तींची संख्या मर्यादित असावी असा विचार रूढ झाला. त्याच धर्मसभेने पवित्र वस्तू व कलाकृती विकल्या अथवा विखुरल्या जाऊ नयेत याबद्दलही दक्षतेचा इशारा दिला होता. तथापि पहिली सूचना जितकी पाळली गेली तितकी दुसरी पाळली गेली नाही. अडगळीत गेलेली मूर्ती तेथून जुन्या वस्तूंच्या बाजारात जावयास फार वेळ लागत नाही. १९७२ च्या पुरावस्तूविषयक कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू ही पुरावस्तू ठरते व खाजगी व्यक्तीस ती परदेशी नेता येत नाही. परंतु ज्या मूर्तीचे छायाचित्रच नाही, ती कोठून गेली हे सिद्ध कसे करावयाचे?

जतनाचे प्रयत्न झालेले नाहीत असे नाही. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजातील हेरास संस्थेच्या संग्रहात ख्रिस्ती काष्ठ व हस्तिदंती मूर्ती आहेत. गोरेगाव येथे मुंबई धर्मप्रांताचे स्वतःचे वारसा-संग्रहालय आहे. गोव्यात १९९४ मध्ये राचोल येथे सुरू झालेले ख्रिस्ती कलेचे संग्रहालय २००२ मध्ये जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात हलविण्यात आले. तुलनेसाठी ते अत्यंत उपयुक्त आहे. मात्र संग्रहालयात मूर्ती आली की ती सुरक्षित होते, आणि त्याच वेळी मिरवणूक, सण, नवस ह्या तिच्या संदर्भांपासून तुटते. जी मूर्ती अद्याप पूजेत आहे तिला काचेच्या कपाटात ठेवा असे कोणी सुचवू नये. तिची नोंद ठेवणे मात्र पूजेच्या आड येत नाही.

अशा नोंदीत पुढील गोष्टी असाव्यात : चारही बाजूंची छायाचित्रे, विशेषतः पाठीचे व पायथ्याच्या तळाचे, उंची व रुंदी, सांध्यांच्या जागा, डोक्यावरील भोके, रंग उडालेल्या ठिकाणी दिसणारे खालचे थर, आणि त्या गावातील वृद्ध मंडळी मूर्तीविषयी जे सांगतात ते, त्यांच्याच शब्दांत. उपनगरांतील ईस्ट इंडियन कुटुंबांची बोली मराठीच असल्यामुळे मराठी विभागातील विद्यार्थ्यांस हे शेवटचे काम इतिहास विभागापेक्षाही चांगले साधेल. आणि रंगारी बोलाविण्यापूर्वी ही नोंद झालेली असावी, एवढी विनंती ज्यांच्या ताब्यात अशा मूर्ती आहेत त्यांना करावीशी वाटते.

घंटेवरचे साल पुढच्या पिढीलाही वाचता येईल. लाकडावरच्या थरांत दडलेले साल मात्र एका घासकागदाने एका दुपारी नाहीसे होते, आणि ते पुन्हा कोणत्याही दफ्तरात सापडत नाही.